मोरीला शेपूट असतं

गिरगावात त्या काळी जेवढे राक्षस होते त्यांतले निम्मे मी काढलेले होते. उरलेले निम्मे घरमालक होते, त्यांची जबाबदारी मी घेत नाही.

मी मुखपृष्ठं काढत असे. पुस्तक हातात घेतल्यावर वाचकाला जे पहिल्यांदा दिसतं आणि वाचनालयाचा चिटणीस जे पहिल्यांदा झाकतो, ते. नवं पुस्तक वाचनालयात आलं रे आलं की त्याला खाकी कागदाचं कव्हर घालून वर शाईनं नंबर टाकायचा, हा आपल्या महाराष्ट्राचा खरा कुळधर्म. मी जीव ओतून यक्षकन्या काढायची आणि यांनी ती वाण्याच्या तूरडाळीसारखी बांधून टाकायची. का? तर म्हणे पुस्तक टिकतं. पुस्तक कसलं टिकतंय! पानं फाटायची, शेवटचं प्रकरण कुणीतरी पळवायचं, खलनायकाच्या नावापुढे वाचक शाईनं आपल्या सासऱ्याचं नाव लिहायचे. माझी यक्षकन्या तेवढी बुरख्याआड अखंड सौभाग्यवती. आजही कुठल्या तरी वाचनालयाच्या माळ्यावर माझी चित्रं कोरी करकरीत असतील, कारण ती कुणी बघितलेलीच नाहीत. एवढी निगा अजिंठ्याचीसुद्धा राखलेली नाही कुणी.

आमचे प्रकाशक अप्पा लेले. त्यांचं दुकान, कचेरी आणि गोदाम मिळून एक खोली होती, आणि त्या खोलीच्या जमिनीवर वैभव म्हणून लिनोलियम, म्हणजे जाड मेणकापडासारखं आच्छादन, अंथरलेलं होतं. अप्पा अद्भुत कादंबऱ्या काढत. राजपुत्र, राक्षस, पोपटात जीव, गुहेत रत्नं, असा माल. अप्पा दोनच शाया विकत आणत, लाल आणि हिरवी. म्हणून आमच्या राण्या लाल आणि राक्षस हिरवे. राजपुत्र पांढरा, कारण कागद मुळातच पांढरा असतो आणि त्याला शाई लागत नाही. याला अप्पा सौंदर्यदृष्टी म्हणत.

बाहेरच्यांसाठी धंदा थोडक्यात सांगतो. मी चित्र काढायचं. ब्लॉकवाल्यानं ते जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचं, नको तेवढा भाग तेजाबाला खाऊ घालायचा आणि उरलेला उंचवटा लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा. झाला ब्लॉक. दर रंगाला वेगळा ब्लॉक. दोन्ही बरोब्बर एकमेकांवर बसले तर ते चित्र, नाही बसले तर अप्पा म्हणणार, ‘ही नवी कला.’ एकदा राणीचे लाल ओठ घसरून शेजारच्या राक्षसाच्या गालावर छापले गेले. ती आवृत्ती हातोहात संपली. अप्पा मला म्हणाले, “पुढच्या वेळी असंच घसरव.”

आणखी एक. लोकांना वाटतं आधी पुस्तक छापतात, मग मुखपृष्ठ. छे! आमच्यात मुखपृष्ठ आधी. ते विक्रेत्यांना दाखवायचं, मागणी आली तर आतला मजकूर छापायचा. नवरीचा फोटो आधी, नवरी नंतर. त्यामुळे बाकीचे मुखपृष्ठकार हस्तलिखित उघडतसुद्धा नसत. मी मात्र अक्षरन् अक्षर वाचून चित्र काढणारा मुंबई इलाख्यातला एकमेव कलावंत होतो. आजही हे छातीवर हात ठेवून सांगतो, कारण पुढे जे झालं ते न वाचणाऱ्याच्या हातून झालंच नसतं.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. मुंबई कुणाची या प्रश्नाचं उत्तर दिल्लीला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. त्या भरात अप्पांचा हुकमी लेखक, ज्यानं एकच कादंबरी नावं बदलून जन्मभर लिहिली होती, तो एक दिवस येऊन म्हणाला, “अप्पा, मुलूख पेटलाय. मी आता पऱ्या लिहिणार नाही. पोवाडे लिहिणार.”

“अहो मग पऱ्या पेटवा!” अप्पा म्हणाले. पण तो गेलाच. मोर्च्याच्या पुढे डफ घेऊन.

अप्पांनी मला फर्मावलं, “नवा अद्भुतवाला शोध. पुण्याचा नको. तो राक्षसाच्या तोंडी तळटीप घालतो.”

मग मी जी हस्तलिखितं वाचली ती शत्रूला वाचायला लागू नयेत. एका शाळा तपासनिसाची परी होती, ती प्रकट झाल्याबरोबर नखं कापण्याचं महत्त्व सांगायची. एका वकिलाचा राक्षस माणसाला खाण्यापूर्वी रीतसर नोटीस द्यायचा आणि मुदत संपेपर्यंत उपाशी बसायचा. एका कवीच्या कादंबरीत तर अद्भुत असं काहीच नव्हतं, फक्त त्याची बायको त्याचं ऐकायची.

असा निराश होऊन मी लालबागला सभेला गेलो. खोटं सांगायचं तर व्यासपीठाच्या पुढ्यात होतो. खरं सांगायचं तर पानाच्या दुकानाशी होतो. पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि सभेतले सगळे एका दिशेला पळाले, मी घाबरट नसल्यामुळे वेगळ्या दिशेला पळालो. डोळ्यांतून धारा. दिसेल त्या दारात घुसलो, तर ती गिरणीतल्या कोकणी माणसांची खाणावळ निघाली. मालकीण गिरजाबाई तांडेल. मालवणकडची, विधवा, आवाज असा की भोंगा वाजला नाही तरी गिरणी सुटावी.

“कोण रे तू?” तिनं विचारलं.

“आर्टिस्ट आहे. चित्रं काढतो.”

“म्हणजे चितारी! मगे रडतंस कित्याक?”

“अश्रुधूर...”

“मगे कांदो कापूक बस. रडणा फुकट कित्याक घालवतंस?”

मी कांदे चिरायला बसलो. बाहेर लाठ्या चालू होत्या, आत बाकांवर पंधरा-वीस माणसं अडकलेली. कुणाचा भाऊ बाहेर, कुणाचा बाप बाहेर. गिरजाबाईनं दाराला आडणा घातला आणि म्हणाली, “गप ऱ्हवा. मी सांगतंय तां ऐका.” आणि ती गोष्ट सांगायला लागली.

काय ती गोष्ट! समुद्राच्या तळाशी एक नगर. बुडून मेलेल्या माणसांचं जे बोलायचं राहून गेलं, ते तिथं शंखांत भरून ठेवतात. एका राणीचा नवरा भांडणात तोंड फिरवून होडीवर गेला तो परत आला नाही. त्याचं राहिलेलं वाक्य ऐकायला ती निघते. वाटेत सात दर्ये, आणि दर दर्याला काहीतरी द्यायचं. पहिल्याला सावली. दुसऱ्याला स्वतःचं नाव. तिसऱ्याला आईचा चेहरा. आणि हे सगळं ती पार करते मोरीवर बसून.

“राणी जेवली खंय?” बाकावरून एकानं विचारलं.

“तुझ्यावांगडा जेवाक बसली नाय, म्हणान वाचली,” गिरजाबाई म्हणाली.

बाहेर शिट्ट्या वाजत होत्या आणि एकाचंही लक्ष नव्हतं. मी कांदा चिरायचा थांबलो होतो. इतकी वर्षं राक्षस रंगवले, पण अंगावर काटा आलेला तो पहिलाच. आणि मोरी! उडता गालिचा ऐकला होता, उडता पलंग ऐकला होता. पण चाळीतली मोरी, जिथं बाई आयुष्यभर भांडी घासते, तीच मोरी तिला सात समुद्रांपार नेते? ही कल्पना सुचायला प्रतिभा लागते, मी मनात म्हटलं.

ज्या वाचकांना आत्ताच हसू फुटलं असेल त्यांनी कृपया गप्प बसावं. मी देशावरचा, शुद्ध शाकाहारी. आमच्या घरात मासा म्हणजे पंचांगातली रास.

गोष्ट संपल्यावर ती म्हणाली, “जेवतलंस? मोरीचा मटण केलंय.”

मला वाटलं, जागेची अडचण आहे, बिचारी मोरीत चूल मांडते. मी स्वच्छतेचा विषय न काढता सभ्यपणे नाही म्हटलं आणि विचारलं, “बाई, ही गोष्ट लिहून द्याल? आम्ही छापू.”

ती चौथी शिकलेली होती. लिहायला तयार झाली, पण एक अट घालून. त्या अटीपायीच हा लेख लिहितोय, म्हणून ती नीट सांगतो. तिचा बाप तिकडे गावी तांडेल होता, म्हणजे होडीचा नायक. तरुणपणी वादळात त्याची होडी फुटली आणि त्याचं म्हणणं असं, की एका मोरीनं त्याला पाठीवर घेऊन किनाऱ्याला आणून सोडलं. गावानं विश्वास ठेवला नाही. तेव्हापासून तो रस्त्यानं गेला की पोरंसोरं ओरडायची, ‘मोरी इली, मोरी इली!’ सगळा जन्म त्यानं हसं सोसलं. त्याच्या गोष्टीतूनच तिनं ही गोष्ट उभी केली होती.

“छापलेला लोकांका खरा वाटता,” गिरजाबाई म्हणाली. “पण बापाशीक वाचूक येणा नाय. गावातल्या अर्ध्या लोकांका येणा नाय. तेंका चित्रच दिसतला. म्हणान सांगतंय, चिताऱ्या, मोरी अशी काढ, काय बघणाऱ्यान म्हणूक व्हया, होय, हीच ती.”

“बाई,” मी म्हटलं, “अशी मोरी काढीन की तिच्यापुढे नुसतं उभं राहिलं तरी पाय ओले होतील.”

गाव का हसलं, हेही माझ्या ध्यानात आलं होतं. दगडी फरशी तरंगते का कुठं? पण वादळात माणूस पाट, पिंप, दार, काहीही धरून तरतो. मी उदार मनानं विश्वास ठेवला.

तिनं गोष्ट लिहून दिली. नाव, ‘मोरीवरची राणी’. भाषा तिनं कष्टानं पुस्तकी केली होती, मालवणी शब्द शोधूनसुद्धा सापडू नये. फक्त तो एकच राहिला होता, कारण त्याला दुसरा शब्द असतो हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘मोरीने शेपूट हाणले आणि लाटा दुभंगल्या.’ वा! ‘मोरी भुकेली झाली तेव्हा राणीने तिला आपले कंकण दिले.’ वावा! आमच्या मुद्रितशोधकांनी ‘मोरीचे दात चमकले’ या वाक्यातला दात खोडून दार केलं आणि समासात शेरा मारला, ‘लेखिकेने शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.’ अद्भुत कादंबरीचा हाच मोठा फायदा. तिच्यात चूक शिरली तरी चमत्कार म्हणून खपते.

अप्पांना मी अर्धा तास समजावलं. “अप्पा, हे प्रतीक आहे! मोरी म्हणजे पिचलेल्या स्त्रीचं जग. तिला शेपूट फुटतं, म्हणजे बंड!”

अप्पा म्हणाले, “प्रतीक दोन रंगांत बसेल ना?”

बसवलं. शहाबादी फरशीची मोरी, तिला बाजूनं पंख, मागं चुणीदार शेपूट. कोपऱ्यात तांब्याचा बंब, त्यातून निघालेला धूर ढगांत मिसळतोय. खाली खवळलेला हिरवा समुद्र. आणि फरशीवर मांडी घालून लाल साडीतली राणी, हातात लोटा. मोरीच्या तोंडाची जाळीसुद्धा मी अशी काढली होती की तिच्यात अडकलेला भाताचा कण दिसावा. अप्पांनी एकच सूचना केली, “साडी थोडी ओली कर.” परळच्या छापखान्यात मुखपृष्ठाचे ताव छापून झाले. लाल-हिरव्याचा मेळ जन्मात प्रथमच अचूक बसला. पाप करायचं असलं की सगळी यंत्रं नीट चालतात.

त्याच सुमारास म्हातारा तांडेल आगबोटीनं मुंबईला आला, डोळे दाखवायला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “आजोबा, आत्ता जेवढं दिसतंय तेवढं बघून घ्या. पुढचं सांगता येत नाही.” गिरजाबाई त्याला घेऊन तडक आमच्या कचेरीत. म्हातारा काठीसारखा सरळ आणि मिशी अशी की तिच्यावर जाळं वाळत घालावं.

मी मुखपृष्ठ झाकून ठेवलं होतं. नाट्यपूर्ण रीतीनं रुमाल ओढला.

म्हाताऱ्यानं ताव डोळ्यांजवळ नेला. लांब नेला. उजेडात नेला.

“ह्या काय गो?” त्यानं लेकीला विचारलं.

गिरजाबाईनं पाहिलं. “चिताऱ्या,” ती म्हणाली, “ही न्हाणी कोणाची?”

“मोरी आहे ती,” मी म्हटलं. “आपली. पंखांची.”

“मोरी?” ती किंचाळली. “मेल्या, मोरी म्हणजे मासो! व्हडलो मासो! दातांचो! माणसांका खाणारो!”

मग अप्पांचा बारीक आवाज आला, “मासा? म्हणजे... माझ्या प्रकाशनात मासा?”

“मग दार नव्हतं ते,” मुद्रितशोधक कोपऱ्यातून स्वतःशीच म्हणाले. “दातच होते.”

मी त्याही क्षणी ठामपणे सांगितलं, आणि आजही सांगतो, की मराठी कोशाच्या दृष्टीनं माझी मोरी बिनचूक होती. कोश शाकाहारी लोकांनी केला याला मी काय करू?

पण म्हाताऱ्यानं ताव अलगद टेबलावर ठेवला. “गाव हसता तां पुरे होता गो,” तो लेकीला म्हणाला. “आता मुंबय पण हसतली.” आणि पायऱ्या उतरायला लागला, एकेक पायरी काठीनं चाचपत.

गिरजाबाई माझ्याकडे वळली. शिवी आली असती तर मी खाल्ली असती. ती एवढंच म्हणाली, “तेची बोट पुढच्या आठवड्यात आसा. तेचे डोळे आसत तवसर मोरी दिसाक व्हयी.”

अप्पांनी साफ सांगितलं, छापलेले ताव टाकणार नाही. कागद म्हणजे सोनं. मग मला धंद्यातली युक्ती आठवली. लाल-हिरव्यावर काळी शाई चढवली तर खालचं सगळं गिळता येतं. काळ्या रंगाचा तिसरा ब्लॉक करायचा, माशाच्या आकाराचा, आणि तो मोरीवर छापायचा. मोरीनं मोरी गिळायची! पण त्यासाठी मी आयुष्यात न पाहिलेला मासा मला काढता यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी म्हाताऱ्याला घेऊन भाऊच्या धक्क्यावर गेलो. नाकाला रुमाल, धोतराचा सोगा वर. माशांचे ढीग असे की राक्षसांची बारशी व्हावीत. म्हाताऱ्यानं एक मोरी शोधून काढली. राखाडी, लांबुळकी, आणि तोंड हनुवटीखाली, सावकाराच्या खिशासारखं आतल्या बाजूला.

“हात लाव,” म्हातारा म्हणाला.

“दिसतेय की.”

“दिसाक तुका न्हाणी पण दिसली. हात लाव.”

माझ्या सात पिढ्यांनी डोळे मिटून घेतले आणि मी हात लावला. डोक्याकडून शेपटाकडे गुळगुळीत. उलटा फिरवला तर सुताराचा खरकागद. “तुमची एवढीच होती का?” मी विचारलं.

“ही? ही माझ्या मोरयेच्या नातीचा चेडू! माझी हय पासून तंय पर्यंत होती.” चेडू म्हणजे लेक. त्यानं ‘हय’ म्हणून धक्क्याचं टोक दाखवलं आणि ‘तंय’ म्हणून शिवडीकडे हात केला.

त्या क्षणी मला कळलं की हा माझ्या जातीचा माणूस आहे. मी कागद काढला आणि तिथंच बसलो. प्रत्येक रेघेला म्हातारा म्हणायचा, “मोठी काढ.” काढली. “आजून मोठी.” मुखपृष्ठ संपलं. “मगे फाटल्यान ने.” म्हणून मी शेपूट पुस्तकाच्या कण्यावरून मागच्या पानावर नेलं. एकच चित्र पुढून मागं पसरलेलं! हा प्रकार भरतखंडात मीच प्रथम केला, कुणी नाही म्हटलं तर पुरावा आणावा. मागच्या पानावर अप्पांच्या इतर पुस्तकांची जाहिरात होती. शेपटानं ती सगळी झाकली. अप्पा म्हणाले, “इतकं मोठं कुठं शेपूट असतं?” मी म्हटलं, “कोशात बघा.” घरी गेलो आणि आधी आंघोळीला बसलो. मोरीत.

एवढ्यात हरताळ पुकारला गेला. ब्लॉकवाल्याचं तेजाब बंद, परळचा छापखाना बंद. हरताळ उठणार त्याच दुपारी म्हाताऱ्याची बोट. मी गिरजाबाईला सुचवलं, “छापखान्याचं मागचं दार माझ्या ओळखीचं आहे. गुपचूप एक...”

“बंद म्हणजे बंद,” ती म्हणाली. “माझी चूल पेटली नाय आज. तुझो छापखानो चलतलो? मासो नसलो तरी चलात, पण त्या यंत्राक हात लावशीत तर तुझे हात मी कापीन, कांदो कापतंय तसो.”

यंत्राला नाही लावला. मी अप्पांच्या कचेरीत गेलो, त्यांची खुर्ची बाजूला केली आणि खालच्या लिनोलियमचा मोठा तुकडा सुरीनं कापून काढला. लिनोलियमवर सुरी लाकडापेक्षा मऊ चालते आणि ब्लॉकला तेजाब लागत नाही. अप्पा दारात उभे राहून बघत होते. त्यांचं वैभव जात होतं. “अरे माझी फरशी!” ते म्हणाले. मी म्हटलं, “अप्पा, फरशीचीच मोरी होते.”

खाणावळीच्या बाकावर तो मासा मी कोरला. पाठीला सरळ रेघा, पोटाला उलट्या, म्हणजे बोट न लावता खरकागद कळावा. जेवायला न मिळालेले गिरणीवाले भोवती उभे राहून सल्ले देत होते. “डोळो ल्हान कर.” “कल्ल्याचे चिरे पाच घाल, पाच.” बाहेर चिटपाखरू नव्हतं. शाई लावली, मुखपृष्ठाचा एक ताव वर पसरला, चौघांनी चार टोकं धरली आणि गिरजाबाईनं भाताच्या पळीच्या पाठीनं घासायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी, दात खाऊन.

ताव उचलला. फरशी गेली होती, बंब गेला होता, जाळी भाताच्या कणासकट गेली होती. हिरव्या समुद्रातून काळीभोर मोरी निघाली होती, पंखांचे झाले होते माशाचे पर, आणि पाठीवर माझी लाल राणी. फक्त तिच्या हातातला लोटा राहिला. तो झाकायचा म्हणजे हात जात होता.

मी सबब सांगायला तोंड उघडलं, तर म्हातारा म्हणाला, “लोटो व्हयोच. दर्यान पिवचा पाणी खंय गावता?” मग ताव पुन्हा डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ. बोट माशाच्या पाठीवरून पुढं नेलं, मागं आणलं. “होय,” तो म्हणाला. “हीच ती.”

गिरजाबाई चुलीकडे तोंड करून उभी राहिली. चूल पेटलेली नव्हती, त्यामुळे धुराची सबब तिला देता आली नाही.

“फक्त एक कर,” म्हातारा मला म्हणाला. “ह्या राणयेक मिशी काढ. म्हणजे तो मी, ह्यां कळतला.”

“बाबा! राणी ती!” गिरजाबाई म्हणाली.

मी कलेच्या तत्त्वाला धरून नकार दिला. म्हातारा रुसला. बोटीपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

ते पुस्तक बाजारात कसं गेलं हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे ते मध्ये येणार नाही. अप्पांनी काळ्या शाईचा खर्च वाचवला आणि बाकी सगळ्या प्रती पंखांच्या न्हाणीसकटच विकल्या. धो धो खपल्या. एका विद्वान समीक्षकानं लिहिलं, की मोरी म्हणजे मुंबई, राणी म्हणजे मराठी जनता, आणि लोटा म्हणजे तिची न शमलेली तहान. अप्पांनी तो उतारा कापून भिंतीला लावला, लिनोलियम गेलं होतं तिथं वर. लालबागेत मात्र लोक मुखपृष्ठ बघून पोट धरून हसले आणि मग आत वाचून गप्प झाले, असं गिरजाबाई सांगायची. तिनं पुढं आणखी लिहिलं, आणि प्रत्येक वेळी शब्दांचे अर्थ मला आधी तोंडी समजावून दिले, मंदमती पोराला देतात तसे. वाचनालयांनी अर्थातच खाकी कव्हरं घातली. त्या एकदाच मला त्यांचा राग आला नाही. माझ्याकडे त्या माशाचा एकही ठसा नाही. लिनोलियमचा ब्लॉक अप्पांनी कचेरीत परत चिकटवला आणि त्यावर खुर्ची ठेवली. जन्मभर मोरीवर बसले, आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही.

तर धक्का. हरताळ उठलेला, कोकणात जाणाऱ्यांची ही गर्दी, ट्रंका, वळकट्या, पत्र्याचे डबे. आतले कागद हरताळाआधीच छापून झाले होते, ते बाइंडरकडून कसेबसे शिवून घेतले होते आणि त्यावर तो ताव मीच चिकटवला होता. खळ अजून ओली होती. म्हातारा पुस्तक छातीशी धरून चालला होता, चित्र बाहेरच्या बाजूला.

बोटीच्या फळीशी त्याच्या गावचे चार जण आधीच उभे होते. त्यांच्यातल्या एका तगड्या माणसानं म्हाताऱ्याला बघितलं आणि सवयीनं हाक घातली, “मोरी इली रे, मोरी इली!”

बाकीचे हसले. गिरजाबाई पुढं सरकली तसा मी तिचा पदर नव्हे पण पिशवी धरली.

म्हाताऱ्यानं पुस्तक त्या माणसाच्या हातात दिलं.

माणूस हसत हसतच बघायला लागला. मग हसणं थांबलं. त्यानं दुसऱ्याला दाखवलं. चारही डोकी पुस्तकावर वाकली. एकानं बोट पाठीवर फिरवलं, उलटं, आणि शाई खरखरीत लागते का हे बघितलं. “आयशप्पथ,” तो हळूच म्हणाला, “ही मोरीच आसा रे. छापलेली.”

तगडा इतक्यात हरणार नव्हता. “मोरी आसा,” तो म्हणाला, “पण वयर ही बाईल. तू खंय आसंस हेच्यात?”

एक मिशी काढायला मला काय झालं होतं?

म्हाताऱ्यानं मान वळवली. गिरजाबाई कुठं उभी आहे ते त्याला धड दिसत नव्हतं, तरी तिच्या दिशेनं काठी केली.

“ती राणी म्हणजे ह्यां माझा चेडू,” तो म्हणाला. “मोरी आता तेची. मी फाटल्यान बसलंय, शेपटाकडे. हयसून दिसूचंय नाय.”

बोटीनं भोंगा दिला. तगड्यानं पुस्तक सावकाश उलटं केलं, मागच्या पानावरचं ते लांबच लांब शेपूट टोकापर्यंत निरखून पाहिलं, आणि पुस्तक दोन्ही हातांनी म्हाताऱ्याला परत दिलं.

“होय रे तांडेलानू,” तो म्हणाला. “दिसतास.”